काचेवरची पावलं

चार वाजता गाडी घ्यायला माणूस येणार होता, म्हणून सकाळपासून मी वाफेचं मशीन घेऊन तिच्यामागे लागलो होतो. सीट झाल्या, मॅट झाल्या, तरी हात थांबेनात. मागच्या काचेवर आतून वाफ सोडली आणि दोन लहान पावलं उमटली, बोटांसकट. लेक मागे आडवी पडून काचेला पाय लावायची. आता ती परगावी नोकरीला असते. म्हणजे इतकी वर्षं ही काच मी बाहेरूनच पुसत आलो. तिच्या त्या वयातलं माझ्याजवळ काय उरलंय ते आठवू लागलो, तर माझंच ओरडणं ऐकू आलं, "पाय खाली घे."

"अहो, पुसा लवकर, डाग राहतील," बायको म्हणाली. तेवढ्यात वाफ विरली, पावलंही गेली. कापड खांद्यावर टाकून मी पुन्हा वाफ सोडली.