दिवसाचा चंद्र

"पाह्यलं का?"

कोणी काही ठामपणे सांगितलं की आमच्या बाई एवढंच विचारायच्या. आवाज चढलेला नसायचा, पण उत्तर घेतल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत.

देवळीजवळच्या लहानशा शाळेत त्या पहिली-दुसरीला शिकवत, मी तिसरी-चौथीला. त्यांची मुलं वर्गात कमी आणि मैदानावर जास्त. एकाला मधोमध सूर्य करायचं, बाकीच्यांनी गिरक्या घेत त्याच्याभोवती फिरायचं. पृथ्वी झालेली पोर चक्कर येऊन बसली की बाई म्हणायच्या, "उठ माय, तू थांबली त सकाळ कशी होईन?"

दुसरीच्या परीक्षेत प्रश्न होता, चंद्र केव्हा दिसतो? प्रणालीनं लिहिलं, 'रात्री दिसते आणि कधी कधी दिवसा पण.' पेपर माझ्याकडे तपासायला होते. पेपरांसोबत आलेल्या नमुना उत्तरांत फक्त 'रात्री' होतं. मी लाल फुली मारली.

बाई पेपर घेऊन आल्या. "सर, फुली काऊन मारली?"

"चंद्र दिवसा कुठे दिसतो?"

"पाह्यलं का?"

चाळिशी ओलांडली होती, पण मी खरंच पाहिलं नव्हतं. म्हणालो, "दाखवा."

"आज अमावस्या हाये. आठ दिवस थांबा. तवरीक मी निकालावर सही करत नाई."

मुख्याध्यापकांनी समजावलं, एका गुणासाठी कशाला?

"गुण जाऊ द्या सर. तिनं डोळ्यानं पाह्यलं ते खोटं हाये, असं मी तिले कसं सांगू?"

निकाल अडला म्हणून वरून नोटीस आली. बाईंनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि वर्गावर गेल्या.

आठव्या दिवशी दुपारी चारला त्यांनी आम्हाला मैदानात बोलावलं. ऊन रणरणत होतं. प्रणालीनं बोट वर केलं. पुसलेल्या पाटीवर खडूचा डाग राहावा तसा अर्धा चंद्र निळ्या आभाळात होता. मी गुडघ्यावर पेपर ठेवून तिथेच फुली खोडली.

मुख्याध्यापक बराच वेळ वर पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हा नेहमीच येते काय असा?"

नोटिशीला बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं. 'मुलीचे उत्तर बरोबर होते.' माफी मागितली नाही. उन्हाळ्यानंतर त्यांची बदली झाली, पार समुद्रपूरच्या पलीकडे.

निघायच्या दिवशी मुलं स्टँडवर आली. खिडकीखाली उभी राहून प्रणालीनं विचारलं, "बाई, मंगळावर शाळा हाये का?"

"नाई."

"काऊन?"

"कोणी काढलीच नाई. तू काढजो."

एसटी गेली. प्रणाली घरापर्यंत आभाळाकडे पाहत चालली. बहुतेक शाळेसाठी जागा ठरवत असावी.