मांजराच्या नावावर खपवलेला नायटा

आमच्या घरात टॉवेलांना तोटा नाही. नवरा टॉवेलच्याच कारखान्यात कामाला, आणि लग्नाकार्यात सासऱ्यांना मिळालेल्या टॉवेल-टोप्यांनी अर्धं कपाट भरलेलं. पण ते टॉवेल पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला तरी आहेरात द्यायचे, त्यांची घडी मोडायची नाही. अंग पुसायला चौघांत मिळून एकच. आधी मामा, म्हणजे माझे सासरे, मग नवरा, मग आमची सहा वर्षांची पोरगी, आणि शेवटी तो ओला बोळा माझ्या वाट्याला. प्रत्येकाला वेगळा काढू या, असं मी एकदा म्हणाले. मामा म्हणाले, "आपल्याच घरात आपलाच विटाळ व्हय?" झालं, विषय मिटला.

गेल्या वर्षी आमच्या मांजराच्या कानामागचे केस गेले. रुपयाएवढी गोल, खपली धरलेली चकती. पिशवीत घालून सरकारी पशुदवाखान्यात नेलं, तर म्हशी-शेळ्या घेऊन आलेली माणसं माझ्याकडे बघून दात काढायला लागली. एकजण म्हणाला, "किती लिटर देतंय वो ताई?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर मात्र कामाचा निघाला. खोलीत अंधार करून त्यानं निळा दिवा धरून पाहिलं आणि सांगितलं, नायटाय. सहा आठवडे तोंडातून औषध, वरून औषधाच्या पाण्यानं आंघोळ, वेगळ्या खोलीत ठेवायचं, त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात धुवायचं. "बरं होतंय, फक्त मधेच सोडू नका."

मी सोडलं नाही. हातावर ओरखडे घेत रोज पाजलं. पण गल्लीतल्या शहाण्यांना कसं पटणार? समोरचीनं गंधक खोबरेल तेलात कालवून आणलं. मेडिकलवाल्यानं न विचारता ट्यूब पुढे केली, "माणसाला चालतंय, मांजराला का न्हाय?" ज्यांनी जन्मात मांजराला दूध घातलं नाही, ते सगळे मांजराचे वैद्य. सगळ्यांना दारातूनच वाटेला लावलं.

चौथ्या आठवड्यात मांजराच्या चकतीवर बारीक लव आली आणि नेमकं तेव्हाच पोरीच्या कमरेवर लाल कडं उठलं. मग काय विचारता! मामांनी ओसरीत बसून निकालच देऊन टाकला. "त्या रोगट जनावरानं पोर नासवली. मंद्रूपच्या बाजारात सोडून येतो." कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचं कडं खरवडून तपासायला पाठवलं होतं, रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते. तेवढे दिवस थांबा, मी म्हणाले. मांजर बरं होत आलंय, म्हणाले. नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "अगं, पोरीपेक्षा मांजर मोठं का?" बोलताना मामांचा हात नेहमीसारखा कमरेच्या करदोड्याखाली खाजवत होता. दोन वर्षं मी ते बघत होते. घामोळं आहे, म्हणायचे. मीही मानलं, कारण सासऱ्याच्या कमरेकडे सुनेनं बघायचं नसतं म्हणे.

मांजर मामांच्या हाती लागेना, पलंगाखाली जाऊन फिस्कारलं. ते फक्त माझं ऐकायचं. "तू बोलीव की," मामा म्हणाले. पोरगी शाळेत गेली होती. मी पोत्याचं तोंड उघडून खाली बसले आणि औषध पाजताना मारायचे तशाच हाकेनं बोलावलं. आलं बिचारं. मी सुतळी बांधली.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा मांजराचा नायटा नव्हेच, ही माणसाकडून माणसाला लागणारी जात आहे. घरात कोण खाजवतं? मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी मामांना जबरदस्तीनं नेलं. करदोडा वर सरकवला तर खाली सगळी कंबर वेढलेली, कड्याला कडं लागलेलं. दोन वर्षं मेडिकलवाल्याची तीच ट्यूब चोळत होते. "हिनं खाज दबते, नायटा पसरतो," बाई म्हणाल्या. "आणि टॉवेल?" मामा अभिमानानं म्हणाले, "आमच्यात येकच असतो." त्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मला तिथल्या तिथं त्या माणसाची शिसारी आली, खोटं कशाला बोलू?

घरी येऊन कपाट उघडलं आणि आहेराचे चार टॉवेल टराटरा बाहेर ओढले. पोरीला खरं सांगावंच लागलं, कारण मांजर कुठं गेलं म्हणून ती रोज विचारत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मामांसमोर जाऊन उभी राहिली. "अज्जा, मग तुमाला कवा सोडायचं मंद्रूपला?"

पुढच्या बाजाराला आम्ही चौघं मंद्रूपला गेलो. मामांनी जागा दाखवली, भाजीवाल्यांच्या मागची, जिथं पोतं उघडलं होतं. ते कमरेत वाकून "माऊ, माऊ" करत फिरले. एक भाजीवाली हसून म्हणाली, "लई हायत की मांजरं हितं, कुटलं बी न्या." मला मामांची दया आली नाही. गावभर आपली अब्रू सांभाळत फिरणारा माणूस, फिरू दे म्हटलं असाच.

पोरगी माझा पदर ओढत होती. "आई, तू हाक मार की. तुझ्याच हाकेला येतंय ते."

मी तोंड उघडलं, पण हाक काही मारवेना.