धुतलेली पाटी

गुरुजींनी माझ्या पाटीवर तांब्याभर पाणी ओतायला लावलं. मग ती उचलून पाहिली आणि म्हणाले, "कोरी आहे. शून्य."

गणित असं होतं: एका संख्येत पावणेदोन मिळवले की सव्वाचार होतात. ती संख्या कोणती? मी दोन्हींचे चतुर्थांश केले होते. सतरा चतुर्थांशांतून सात गेले, दहा उरले. म्हणजे अडीच. ते पाण्याबरोबर पायरीवरून खाली गेलं.

मुरबाड तालुक्यातली गावशाळा. नवे पैसे नुकतेच आले होते. आमची वस्ती गावाबाहेर, म्हणून मी वर्गाबाहेर, पडवीत. बाकीच्यांच्या पाट्या थेट गुरुजींच्या हातात जात. माझी पायरीवर ठेवायची, मॉनिटरने वरून पाणी ओतायचं, मगच गुरुजी तिला शिवणार. पाढे तोंडी होते तोवर पाण्याने काही बिघडत नव्हतं. सहावीत समीकरणं आली. ती पाटीवरच.

गुरुजी तपकीर ओढत. नाक बोटांनी पुसत, बोटं धोतराला. त्या बोटांना माझ्या पाटीचा विटाळ. मला त्या बोटांची किळस यायची. अजून येते.

"तुझं अडीच व्हाळाला गेलं गो," मॉनिटर म्हणाला. वर्ग हसला. गुरुजीही हसले.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "ठेव गो पाटी पायरीवर. गुरुजींशी भांडून नापास झालीस तं बा नाय धाडायचा शाळेत. मोळ्या वाहायच्यात का जनमभर?"

वार्षिक परीक्षेला तसंच गणित आलं. क्ष अधिक अडीच बरोबर सव्वासहा. सोडवलं आणि उभी राहिले. पाटी छातीशी धरली, लिहिलेली बाजू गुरुजींकडे.

"खाली ठेव."

"नाय ठेवत. तिथूनच वाचा."

"माज आलाय?"

"पावणेचार," मी म्हटलं. "त्यात अडीच मिळवा. सव्वासहा होतात."

मॉनिटर भरला तांब्या घेऊन तसाच उभा. कुणी हसलं नाही. गुरुजींनी उत्तर वाचलं. त्यांचे डोळे ओळीवरून फिरताना मी पाहिले. मग त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि मला नापास केलं.

बाने माझी शाळा बंद केली. उन्हाळाभर मोळ्या वाहिल्या. शाळा उघडली त्या दिवशी कुणाला न विचारता त्याच पडवीत, त्याच इयत्तेत जाऊन बसले. पाटी मांडीवर. पायरीवर ती पुन्हा ठेवली नाही.

माझं लिहिलेलं ज्याला आधी धुवायचं असेल, त्याने मला खुशाल नापास करावं. पाटी मिळणार नाही.