चौथ्या भागातली बासरी

दीड-दोनशे वर्षांपूर्वी युरोपात ज्यांना कुणी विचारलं नाही, त्या सगळ्या संगीतकारांची काळजी जगाने शिरूरच्या एका माणसावर सोपवली होती, अशी माझी आजही समजूत आहे. हा माणूस म्हणजे आमचे घरमालक. रांजणगावच्या एका कंपनीत, पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेस शॉपच्या धडधडाटात माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. इनामगावहून कॉलेजसाठी आलेला मी त्यांच्या वरच्या खोलीत राहत होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आणि माझ्या परीक्षांच्या महिन्यात मामांनी युरोपलासुद्धा सुट्टी दिली होती, हे मी विसरलेलो नाही.

मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर जाताना मामांना एक सीडी देऊन गेला. तीत सिंफनी होती, म्हणजे साठ-सत्तर वादकांनी मिळून वाजवायची, शब्द नसलेली लांबलचक रचना. मामांनी ती वर्षभर रोज ऐकली. वर्षानंतर त्यांना कळलं, की वाजायचं थांबतं तो शेवट नसतो. पुढे आणखी तीन भाग असतात. आणि मामा तर पहिला भाग संपला की सीडी काढून, फडक्याने पुसून, कपाटात ठेवत होते! आठवडाभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. "चार आपरेशनचा जॉब, आन् म्या एका आपरेशनवर पास केला!" एवढंच म्हणायचे. कारखान्यात ऑपरेशन म्हणजे माल तयार होण्याची एकेक पायरी. तेव्हापासून त्यांच्या घरात नियम झाला: चौथा भाग संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

मग मोबाईल आला आणि मामांना रान मोकळं झालं. पण नावाजलेल्या संगीतकारांकडे ते फिरकले नाहीत. "त्यांना ऐकाया जग हाय. आपण रिजेक्टची पेटी बघावी. माल चांगला आसतो, बघणाऱ्याला घाई आसती." नावं उच्चारायला अवघड, म्हणून त्यांनी नाती लावून टाकली. स्वीडनचे आप्पा. पॅरिसच्या मावशी. आप्पा काचेच्या कारखान्यात नोकरीला होते असं कळल्यावर तर मामांना ते आपल्याच शिफ्टचे वाटू लागले. एकदा मी जेवत असताना म्हणाले, "आप्पांच्या हयातीत ह्यातली एकच सिंफनी लोकांनी ऐकली. बाकीच्या कागदावरच राहिल्या. जेवान जात आसंल का रं त्यांना?" माझा घास हातातच राहिला. ऐकलेल्या सिंफनींच्या तपासणीची वहीही होती. तिच्यात 'पास' आणि 'दुरुस्ती' असे दोनच रकाने. रिजेक्टचा रकाना मामांनी आखलाच नव्हता.

त्यांना हवा होता सोबत बसून ऐकणारा एक माणूस. शेजारी एकदा येत, चहा पीत, दुसऱ्या वेळी फाटकावरूनच हात करत. मीसुद्धा दुसऱ्या भागाला अभ्यासाचं निमित्त काढून जिना चढायचो. मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "जाऊ द्या त्या पोराला. माझा सैपाक व्हतो, भांडी व्हत्यात, आन् तुमचा आप्पा अजून गळाच साफ करतोय!"

प्रेस शॉपने मामांचे कान घेतले, पण एकदम नाही. आधी वरचे सूर गेले. ढोल, तुतारी ऐकू यायची; बासरी यायची नाही. आप्पांच्या एका सिंफनीत चौथ्या भागात सगळे थांबतात आणि एकटी बासरी वाजते. तिथे मामांना नुसतीच शांतता ऐकू येई. जिन्यावरून रोज माझ्या कानावर पडायचं. मामी भाजी निवडता निवडता ओरडायच्या, "आली हो तुमची बासरी!" आणि मामा डोळे मिटूनच उत्तर द्यायचे, "आलं गं ध्यानात!" त्यांना चिडवणारी बाई रोज चौथ्या भागापर्यंत ऐकत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मामी गेल्यावर मुलीने मामांना दौंडला नेलं. मला तिकडे जायला दोन वर्षं लागली. दुपारची वेळ होती. मुलगी कामावर गेली होती, घरात मामा एकटे. मला बघून त्यांनी आधी वही काढली. शेवटची नोंद मामी असतानाची होती. "चौथ्या भागाचं कसं ल्हिवायचं?" ते म्हणाले. "ऐकू न आलेला माल पास करायचा व्हय? तू बसतोस का?"

बसलो. मामांनी आप्पांची तीच सिंफनी लावली. पहिला भाग झाला, दुसरा लागला. दुसऱ्या भागाला मामांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो नाही. तिसरा झाला. चौथ्यात सगळी वाद्यं थांबली आणि ती आली, बारीक, एकटी, रिकाम्या माळावरून कुणी हाक मारावी तशी.

त्यांना ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "आली, मामा. बासरी आली."

मामांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी मान फक्त स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली.

"आलं गं ध्यानात," ते म्हणाले.

मी तसाच बसून राहिलो. भाग अजून संपला नव्हता.