कोचबाय आणि दहा आठवडे

आमची कोचबाय नवीन आलेल्या बाईचं नाव विचारण्याआधी तिचे पाय बघायची. चपला काढायला लावायची, फरशीवर नुसतं उभं करायची आणि दोन पावलं मागं सरून निरखत राहायची. कुणाचा सगळा भार टाचेवर, कुणाचा एकाच पायावर, कुणाचे गुडघे आत वळलेले. मग म्हणायची, "बाई खोटं बोलंल, पाय नाय बोलत." माझे पाय मात्र तिनं असे बघितले नाहीत. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी उभी नव्हतेच. तिच्या इमारतीच्या पायरीवर आडवी पडले होते.

बाय उलव्याजवळच्या खाडीकाठच्या गावातली. पंचावन्नच्या आसपासची, ठेंगणी, रुंद खांद्यांची. नाकात चमकी, अंगात मुलाचा जुना शर्ट आणि ट्रॅक पॅन्ट. लहानपणी तिनं मिठागरावर मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. पुढे मिठागरं गेली, जमीन गेली, गावठाणात चार मजली इमारत उभी राहिली, भाडेकरू आले. पण बायला बसून खाणं जमेना. शहरातल्या एका मोठ्या जिममध्ये ती झाडूपोछा करायला लागली. इमारतीची मालकीण दुसऱ्याच्या फरशा पुसते म्हणून गावानं नावं ठेवली. बारा वर्षं ती पुसता पुसता बघत होती. वजन कोण कसं उचलतं, कुणाची कंबर धरते, कोण पहिल्याच महिन्यात पळून जातं. मग तिनं रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली आणि आपल्याच तळमजल्यावर बायकांसाठी व्यायामशाळा काढली. शटरवर पाटी नव्हती. सगळ्या तिला कोचबाय म्हणायच्या, आणि पुढे नुसतंच बाय.

मी तिच्याकडे गेले ते बारीक दिसायला नव्हे. माझा धाकटा भाऊ संतोष कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायचा. दारूला कधी शिवला नाही. पण जुन्या काविळीनं त्याचं लिव्हर आतल्या आत खराब होत गेलं, आणि कळलं तेव्हा बदलण्यावाचून उपाय राहिला नव्हता. वडील नाहीत, आईला साखरेचा आजार, त्याच्या बायकोचा, वंदनाचा, रक्तगट जुळेना. माझा जुळला. लिव्हरचा तुकडा द्यायचा, तो दोघांच्याही पोटात पुन्हा वाढतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मी म्हटलं, उद्या घ्या. पण तपासणीत माझ्याच लिव्हरवर चरबी निघाली. मी त्रेचाळीस वर्षांची, ब्याऐंशी किलोंची, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसून ड्रायव्हरांचे फोन घेणारी. डॉक्टर म्हणाले, असं लिव्हर घेता येणार नाही, वजन उतरवा, दहा आठवड्यांनी पुन्हा तपासू. मी विचारलं, तोवर संतोष थांबेल का. ते म्हणाले, थांबावा अशी आशा करू.

त्या दिवसापासून मी जेवण सोडलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी ताक. पहाटे दीड तास आणि ऑफिसातून आल्यावर दीड तास उलव्याच्या रुंद रस्त्यांवर डंपरची धूळ खात चालायचे. पाच दिवसांत साडेतीन किलो उतरले तेव्हा वाटलं, जमलं. सहाव्या दिवशी संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तर एक अनोळखी बाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. उठून बसल्यावर तिनं पेजेची वाटी पुढे केली. मी तोंड फिरवलं. म्हटलं, मला खायचं नाही, माझा भाऊ मरतोय. मग रडत रडत सगळं सांगून टाकलं. सगळं सांगून संपल्यावर ती म्हणाली, "तूच उपाशी मेलीस तर त्याला देनार काय?" आणि पेज पुन्हा पुढे केली.

मी प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शटरपाशी उभी राहिले. तिनं आधी मला परत पाठवलं. डॉक्टरांना विचारून ये, म्हणाली, कागदावर लिहून आण काय चालतं नि काय नाही. तो कागद तिनं चष्मा लावून दोनदा वाचला आणि मगच मला आत घेतलं.

बायचं सगळं शास्त्र तीन शब्दांत होतं. चूल, चाल आणि उचल. चूल म्हणजे काय खायचं, चाल म्हणजे दम वाढवणारा व्यायाम, उचल म्हणजे वजनं. नवीन बाई यातलं एकच धरून बसते, असं तिचं म्हणणं. कुणी नुसतं उपाशी राहतं, कुणी नुसतं पळतं. "तिघी जावा हायत त्या," ती सांगायची. "एकीवर सगळा भार टाकलास का ती घर सोडून जाते." माझ्या ताटाचे तिनं बोटानं भाग पाडून दिले. अर्ध्यात भाजी, पाव भागात मासळी, अंडं नाहीतर घट्ट वरण, उरलेल्यात एक भाकरी. चहातली साखर बंद, तळलेलं बंद. पण रात्रीचं जेवण बंद केलेलं तिला चालायचं नाही. चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये, इतकाच वेग. आणि एक दिवसाआड उचल. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, मग भिंतीला रेटणं, मग वाळूची पिशवी जमिनीवरून उचलणं, पाठ सरळ ठेवून. मला ते सगळं फार हळू वाटायचं. मी विचारलं, चरबी जाळायची आहे तर मी वजनं कशाला उचलू? ती म्हणाली, नुसती उपाशी चाललीस तर चरबीआधी मांस जाईल. पोट फाडून घेतल्यावर उठून बसायला तेच मांस लागतं.

तिची दुसरी सवय म्हणजे व्यायामाला सुट्टी असलेल्या दिवशी शटरपाशी खुर्ची टाकून बसणं. आपल्या बायकांपैकी कुणी चोरून चालायला निघालंय का, यावर तिचा डोळा असायचा. मी निघायचेच. मला मागच्या गल्लीतून जायला लागायचं. चौथ्या आठवड्यात वजन काही केल्या हलेना, तेव्हा माझा धीर सुटला. मी तिच्या नकळत दुप्पट चालू लागले, रात्रीची भाकरी पिशवीत गुंडाळून फेकू लागले, घरी पाण्याचा वीस लिटरचा जार उचलू लागले. आठव्या दिवशी गुडघा टम्म सुजला. बायनं तो दाबून बघितला, मी काय केलं ते ओळखलं, पण ओरडली नाही. तिनं मला पाच दिवस घरी बसवलं आणि रोज संध्याकाळी स्वतः येऊन गुडघ्याला शेक दिला. पाचव्या दिवशी शेकता शेकता म्हणाली, "तुझी घाई मना दिसते, पोरी. पन त्या घाईनं तू त्याचेच पाच दिवस खाल्लेस." मला मार खाल्ल्यासारखं झालं. त्यानंतर मी तिला फसवलं नाही.

दर रविवारी मी कळंबोलीला संतोषकडे जायचे. दर खेपेला तो अधिक पिवळा दिसायचा. हातपाय काटक्या, पोट फुगलेलं, त्यातलं पाणी काढायला दर पंधरवड्याला दवाखाना. लोखंडाचे गठ्ठे अलगद ट्रकवर ठेवणारे त्याचे हात पेला धरताना थरथरायचे. सहाव्या आठवड्यात बाय माझ्याबरोबर आली. त्याच्यासाठी नारळ घेऊन आली होती, पण त्याला पाणी मोजूनच प्यायचं होतं, मग तो नारळ आईनं देवापुढे ठेवला. संतोषनं तिला विचारलं, ताई खरंच वजनं उचलते का. बायनं सांगितलं, पंचवीस किलोची पिशवी उचलते. तो खूप हसला, मग हसणं त्याला झेपेना. जाताना त्यानं तिला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "बाय, हिला जास्त पळवू नका. मी आहे अजून." परतीच्या बसमध्ये बाय खिडकीबाहेर बघत होती. खारघर गेलं, बेलापूर गेलं. उलव्याला उतरताना मात्र तिनं माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

दहाव्या आठवड्याच्या शेवटी मी एकाहत्तर किलोंची होते. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढले आणि माझं लिव्हर चालेल म्हणून सांगितलं. मी तिथूनच बायला फोन केला. पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. परवानगीचे कागद झाले, पुढच्या आठवड्यातला गुरुवार ठरला. रविवारी संतोषला ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला होता. सोमवारी त्याला आयसीयूत नेलं, मंगळवारी त्याच्या किडन्या थांबल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून प्रत्येक डॉक्टरला सांगत होते की मी तयार आहे, आत्ता घ्या. ते म्हणत होते, या अवस्थेत ऑपरेशन करता येणार नाही. बुधवारी दुपारी तो गेला.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. बाय मागे भिंतीला टेकून उभी होती, त्या दिवशी लुगडं नेसून. वंदना एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "पहिल्या पाच दिवसांत साडेतीन किलो उतरले होते ना ताई? तसंच चालू ठेवलं असतं तर महिन्याभरात झालं असतं." तिचा दोष नव्हता. तेच माझ्याही डोक्यात फिरत होतं. मी उठले, बायपाशी गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांग बाय. घाई केली असती तर तो वाचला असता का?"

दुसरं कुणीही 'नसता वाचला' म्हणालं असतं. बाय खोटं बोलली नाही. "माहीत नाय," ती म्हणाली. "मी पन तेच मोजत बसलेय." आणि चपला हातात घेऊनच जिना उतरून गेली.

त्यानंतर मला माझंच शरीर नकोसं झालं. जिना चढताना दम लागत नव्हता याची चीड यायची. ज्याच्यासाठी हे सगळं कमावलं तो नाही, मग हे कुणाला दाखवायचं? मी चालणं सोडलं, वजनं सोडली, मिळेल ते खात सुटले. बायच्या गल्लीतून जाणंही टाळलं. अडीच महिन्यांनी बाजारात तिच्याकडे येणारी एक बाई भेटली. तिनं सांगितलं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून शटर बंद आहे. कुणी गेलं तर बाय सांगते, मला काय कळतं, डॉक्टरकडे जा. तिनं वजनांच्या लोखंडी चकत्याही भंगारात काढायचं ठरवलं होतं.

ते ऐकून मी दोन दिवस नुसती फिरत राहिले. मग रजा टाकून त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांना वाटलं, मला काही होतंय. मी म्हटलं, एकच गोष्ट विचारायची आहे आणि मला बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नका. त्यांनी माझी फाईल मागवली, पहिले आणि शेवटचे रिपोर्ट शेजारी ठेवले. बराच वेळ वाचत बसले. मग सावकाश सांगितलं. पहिल्या आठवड्यात उतरलं ते बहुतेक पाणी होतं. देखरेखीशिवाय तशी उपाशी राहिले असते तर मांस झिजलं असतं, लिव्हरची तब्येत बिघडली असती आणि त्यांनी मला ऑपरेशनला घेतलंच नसतं. दहा आठवड्यांत मी जिथवर पोचले तिथवर बरेच जण पोचत नाहीत. संतोषला झालेला संसर्ग कधीही होऊ शकत होता, त्याला कुणाची घाई किंवा सावकाशी जबाबदार नव्हती.

मी तिथून थेट बायकडे गेले. ती वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात, कोळंबी सोलत बसली होती. केस अधिक पांढरे झालेले. मला बघून तिनं हात थांबवला नाही. मी समोर बसले आणि डॉक्टर जे जे म्हणाले ते सांगितलं. ती म्हणाली, परत सांग. मी पुन्हा सांगितलं, पाण्याचं, मांसाचं, संसर्गाचं. तिनं परात बाजूला सरकवली, हात धुतले, शर्टाला पुसत माझ्या शेजारी येऊन बसली. "आनिक एकदा," म्हणाली. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज फुटायला लागला. मला वाटलं, तिला ऐकू येत नाही की पटत नाही. तरी सगळं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत, कुणाचीही घाई नाही, कुणाचीही सावकाशी नाही.

बायनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तळव्यांना कोळंबीचा वास होता.

"मी पयल्या खेपेलाच ऐकलं," ती म्हणाली. "आता तू ऐकलंस का?"