सिस्टरचे दोन झेरॉक्स

"दोन झेरॉक्स काढून आणा, घाई नाही," हे सिस्टरचं वाक्य. तेवीस वर्षं ती ते एकाच सुरात म्हणत आली, आणि तेवीस वर्षं माणसं ते ऐकून रस्ता ओलांडत समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे येत राहिली.

सिस्टर बायकांच्या दवाखान्यात होती. पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून तिची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, हिरवा पडदा आणि आतून लागणारी कडी. गर्भ पाडायचा म्हणून जी बाई येई, तिचा संमतीचा कागद त्या टेबलावर भरला जाई. कायद्याने सही लागे ती एकट्या बाईची. पण बाई एकटी येतच नसे. नवरा येई, सासू येई, आई येई, आणि प्रश्न बाईला विचारला की उत्तर बाकीचे देत. बाहेर जा म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. मग सिस्टर हाताला येईल तो कागद त्यांच्यापुढे धरी आणि आपलं वाक्य म्हणे. हाकललेला माणूस भांडतो, कामाला लावलेला मुकाट जातो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या झेरॉक्सचा उपयोग काहीही नव्हता. सिस्टरच्या कपाटात त्यांचे गठ्ठे होते. मागच्या कोऱ्या बाजूवर ती बोळे, पट्ट्या, साबण अशा याद्या लिही.

झेरॉक्सवाल्याला हे दुसऱ्याच महिन्यात कळलं. एका सकाळी तीन वेगवेगळ्या घरची माणसं एकच कागद घेऊन आली, आणि तो होता दवाखान्याचा पंखा दुरुस्त केल्याचा. दुपारी तो रस्ता ओलांडून विचारायला गेला.

"कळलं ना?" सिस्टर म्हणाली. "मग मशीन जरा सावकाश चालवत जा."

तेव्हापासून त्याचं मशीन नेहमी गरम व्हायचं असे, नाहीतर थंड व्हायचं असे. वाट बघणाऱ्यांसाठी त्याने दारात एक बाक टाकला. मूल हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे त्यावर मांडीला मांडी लावून बसत. आत खोलीत एक बाई हळू आवाजात बोलत असे आणि इकडे बाकावर तिच्यावरून रान पेटत असे.

"तिला काय कळतंय? वय काय तिचं!" एखादी सासू म्हणे.

"कळत नव्हतं, मग लग्न कशाला लावून दिलंत?" शेजारची म्हणे. ती दुसऱ्याच घरची असे.

"मूल माझंपण आहे ना?" एखादा नवरा म्हणे.

"आहे की बाबा. उलट्या कुणाला होताहेत?"

एकदा एक आई लेकीला मूल पाडायला घेऊन आली. लेक कडी लागल्यावर म्हणाली, मला ठेवायचंय. सिस्टरने तसं लिहिलं. त्या आईने झेरॉक्सचे दोन्ही कागद चुरगाळून झेरॉक्सवाल्याच्या अंगावर फेकले, जसं काही त्यानेच लेकीचे कान भरले होते.

तो स्वतः सिस्टरच्या बाजूचा नव्हता. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याला एक मुलगी झाली होती. समोरच्या जिन्यावरून कुणी खाली मान घालून उतरलं की तो मशीनकडे तोंड फिरवी. एकदा चहा पिताना त्याने विचारलंच.

"सिस्टर, जीवच ना तो?"

"असेल."

"मग?"

"मग म्हणूनच कडी लावून विचारते. ठेवते म्हणाली तरी लिहिते, नको म्हणाली तरी लिहिते."

"आणि नवऱ्याने काय करायचं?"

"तुमच्याकडे बसायचं."

त्याला ते पटलं नाही. पटत नाही असं तो दर वर्षी सांगत राहिला आणि मशीन सावकाश चालवत राहिला.

मग एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला सिस्टर स्वतःच कागद घेऊन रस्ता ओलांडून आली. पाठोपाठ तिचा मुलगा, विजेच्या कचेरीत मीटर तपासणारा. कागद दवाखान्यातल्या मागच्या महिन्याच्या ड्युटीच्या पाळ्यांचा होता.

"दोन काढा," ती म्हणाली.

"आत कोण आहे?"

"सून. नव्या सिस्टरला बसवून आलेय समोर."

झेरॉक्सवाल्याने मशीनचं बटण बंद केलं. "तापलंय. वेळ लागेल," तो म्हणाला.

सिस्टर चार महिन्यांनी निवृत्त होणार होती, तिच्या जागेवर नवी आलीही होती. गेला महिनाभर चहाला आली की तिचं एकच, घरी दुसरं नातवंड येतंय, आता हात रिकामे राहायचे नाहीत. ते हात मांडीवर ठेवून ती बाकावर बसली.

"आई, तू जा ना आत," मुलगा म्हणाला. "तुझं ऐकेल ती."

"म्हणून तर बाहेर आलेय."

"तुला नकोय का नातवंड?"

"तुझ्यापेक्षा जास्त हवंय."

"मग सांग की तिला तसं!"

"मी सांगितलं तर ती हो म्हणेल. मग सही तिची आणि मूल माझं."

मुलगा ताडकन उठला. "मीच जातो."

"बस. तुझे कागद निघायचेत अजून."

झेरॉक्सवाल्याने कागद मुद्दाम उलटा घातला. कोरं पान बाहेर आलं. "उलटा पडला," तो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "सिस्टर, अजून वेळ गेलेली नाही. एकदा बोलून तरी बघा."

सिस्टर उठली. पायरी उतरली, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. वर खिडकीत हिरवा पडदा ओढलेला होता. एक ट्रक गेला, एक सायकल गेली, रस्ता मोकळा झाला. ती परत येऊन बाकावर बसली.

"तुम्ही तुमचं मशीन बघा," ती म्हणाली.

आणखी वीस मिनिटांनी सून जिना उतरली आणि सरळ दुकानाशी आली. "बुधवारची तारीख दिलीय," ती म्हणाली.

"म्हणजे?" मुलाने विचारलं.

"म्हणजे बुधवारी."

उभ्या पिकावरून ढगाची सावली सरकावी तसं काहीतरी सिस्टरच्या तोंडावरून सरकून गेलं.

"सकाळपासून काही खाल्लंयस?" तिने सुनेला विचारलं.

"नाही."

"चल मग."

सुनेच्या खांद्यावरची पिशवी तिने आपल्या खांद्याला अडकवली. सुनेचं कारण काय होतं ते झेरॉक्सवाल्याला कधी कळलं नाही. बहुतेक सिस्टरलाही नाही. तिने विचारलंच नव्हतं.

मुलगा दोन कागद हातात धरून तिथंच उभा होता. "हे कुठं द्यायचे?"

"कुठंच नाही," झेरॉक्सवाला म्हणाला.

पुढे सिस्टर चालली होती, शेजारून सून. वळणाशी सिस्टर थांबली, चष्मा काढला, रुमालाने बराच वेळ पुसत राहिली. सून पुढे गेली नाही. मग चष्मा नाकावर बसला आणि दोघी वळल्या. मुलगा आणि झेरॉक्सवाला दारातून बघत होते. वर, पडदा बाजूला सारून, नवी सिस्टरही बघत होती.