माझ्या मक्क्यातली काणी

शाळा चौथीत सुटली, पण मक्क्यात मला कोणी शिकवू नये. आमच्या सौंसरकडे बऱ्याच जणांच्या भुट्ट्यात काणी नावाची बुरशी निघते. दाण्याच्या जागी पांढरट फुगे धरतात, फुटले की आत काळी भुकटी. माझ्या वावरात काणी नाही, असं मी चाळीस वर्षं मोहगावच्या बाजारात छातीठोक सांगत आलो. निघाली की गुपचूप चुलीत.

नात नागपुरात बुरशीवर शिकून राहिली. मक्का पाहायला येते, असा तिचा फोन आला. मी आदल्या दिवशी सगळं वावर चाळून काणी जाळली.

पोरगी आली अन् म्हणाली, "आबाजी, मले काणीच पाहिजे. उद्या नेली नाही तर या वर्षाचं काम गेलं."

मग काय, सांगावंच लागलं. ती हसून हसून वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच बसली.

हसणं आवरल्यावर तिनं समजावलं. जिवाच्या कणाकणात धागे असतात. एका कणाचे दोन झाले की धाग्याचं टोक झिजतं, कासऱ्याचं टोक उसवतं तसं. ते टोक पुन्हा वळून देणारा एक कारागीर काणीजवळ असतो, टेलोमरेज त्याचं नाव. तो काढून टाकला तर काणी म्हातारी होते, काळी भुकटी नीट धरत नाही. हेच ती तपासून राहिली.

"अन् माह्यात आहे का तो कारागीर?"

"अंगात बहुतेक ठिकाणी झोपलाय, आबाजी."

झोपला तर झोपू दे. शेजाऱ्याच्या वावरात काणीच काणी, ती तिकडं मागायला निघाली. मी तिला धुऱ्यावरच थांबवलं अन् मक्क्याच्या ओळींमधल्या तासातासांतून रांगत सुटलो. शेवटच्या तासात, अगदी बुडाशी, मुठीएवढी सापडली. दाबून पाहिली तर नाक काळं. मी तिथंच नाचलो, धोतर सुटेस्तोवर.

शेजारी पाहतच होता. मीच ओरडून सांगितलं, "माह्या मक्क्यात काणी आहे, ये पाह्यले."

"इतके वर्षं कुठं होती बे बुढ्या?"

"चुलीत," मी म्हटलं.

पोरीनं ती कागदी पिशवीत घालून वर माझ्या वावराचा पत्ता लिहिला. सकाळी नागपूरच्या बसमध्ये तिला बसवलं अन् ड्रायव्हरला बजावलं, पोरीच्या मांडीवर माझी काणी आहे, गचके देऊ नको.